वाट वाकडी करून कोपरगाव

कोपरगाव बहुतेकांनी पाहिलेले असते ते मोटारीच्या काचेतून. शिर्डीला निघालेली मंडळी मनमाडकडून येतात. गाडी गोदावरीच्या पुलावर आली की कोणीतरी "गंगा आली, गंगा आली" म्हणून हात जोडते, एखादी आजी खिडकीतून नाणे भिरकावते, मुले नदीला पाणी आहे की नाही ते डोकावून पाहतात आणि पूल संपतो. त्यांच्यापुरते कोपरगावही संपते. पूर्वी निदान शिर्डीला जायचे तर कोपरगावच्या स्टेशनावर उतरून टांगा करावा लागे. टांगेवाल्याशी घासाघीस करता करता गावाशी दोन शब्द बोलणे होई. आता शिर्डीला स्वतःचे स्टेशन आहे. २०१७ साली विमानतळही सुरू झाला. तो आहे काकडी गावच्या माळावर, पण नाव शिर्डीचे. समृद्धी महामार्गावरून शिर्डीसाठी खाली उतरायचे तेही आमच्या कोकमठाणच्या शिवारात, आणि तिथल्या पाटीवरही नाव शिर्डीचेच. असो. साईबाबांपुढे असल्या तक्रारी कोण घेऊन जाणार!

परंतु हा लेख शिर्डीविषयी नाही. तो पायी हिंडण्याविषयी आहे. त्यातही गडकिल्ल्यांच्या दमछाक करणाऱ्या चढणीविषयी नव्हे, तर आजी, नातवंडे आणि पायांत साध्या चपला असलेली गृहिणी यांना सकाळी जाऊन जेवणाच्या वेळेला घरी परतता येईल अशा वाटांविषयी. आमचा हा मुलूख सपाट आहे. चढायला डोंगर नाही म्हणून गिर्यारोहक मंडळी आमच्याकडे फिरकत नाहीत. माझ्या मते हाच या मुलखाचा मोठा गुण आहे.

या विचाराला निमित्त झाले ते स्पेनमधून आलेल्या छायाचित्रांचे. आमच्या महाविद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त युरोपात असते. सुट्टीत ती दक्षिण स्पेनमधल्या रोंदा नावाच्या जुन्या गावी गेली होती. हे गाव एका खोल घळीच्या दोन्ही काठांवर वसलेले आहे. घळीवर दगडी पूल आहे आणि तो १७९३ साली पुरा झाला. पुलाची छायाचित्रे सुंदर होतीच. पण मला मौज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. गावाभोवतीच्या शेतांतून, जैतुनाच्या बागांमधून तीन-चार मैलांच्या सोप्या पायवाटा आखलेल्या आहेत. दगडावर, झाडाच्या बुंध्यावर पांढरा व पिवळा असे रंगाचे दोन पट्टे ओढले की ती जवळच्या पल्ल्याची वाट. पांढरा व तांबडा असेल तर लांबच्या पल्ल्याची. सुट्टीच्या दिवशी घरेच्या घरे डबे घेऊन या वाटांनी हिंडतात. तिने शेवटी लिहिले होते, "सर, आपल्याकडे असं काही असतं तर?"

मी तिला उत्तर पाठवले, "असे काही आपल्याकडे आहे, फक्त रंगाचे पट्टे नाहीत." आणि मग ते उत्तर खरे आहे की नाही, हे पाहण्यासाठी गेले दोन हिवाळे रविवारच्या रविवार बाहेर पडलो. बरोबर कधी विद्यार्थी, कधी आमचा आठवीतला मुलगा, आणि बरीच मनधरणी केल्यावर आमची सौ.

पहिली अडचण आली ती वाटेची नव्हे, उद्देशाची! आपल्याकडे माणूस पायी चालतो तो काही कामासाठी किंवा देवासाठी. वारी, परिक्रमा, नवसाची पदयात्रा हे सगळे लोकांना समजते. पण रविवारी सकाळी सहकुटुंब कोणाच्या तरी उसाच्या कडेने चाललेला मास्तर मात्र समजत नाही. "कुणाकडं चाललात सर?" हा पहिला प्रश्न. "कुणाकडे नाही, सहज," या उत्तरावर कोणाचा विश्वास बसत नाही. माझ्या हातात वही असली तर प्रश्न आणखी गंभीर होई : "मोजणीवाले का?" महामार्गासाठी जमिनी गेल्यापासून वही घेऊन बांधावर उभा राहिलेला माणूस म्हणजे मोजणीवाला, असे या शिवारात समीकरण झाले आहे. पुढे आम्ही वही घरी ठेवू लागलो.

सर्वांत सोपी वाट गावातूनच निघते. जुन्या गावठाणात नदीच्या अंगाला राघोबादादांचा वाडा आहे, तेथून आरंभ करावा. १७५८ मध्ये ज्यांच्या फौजा अटकेला पोहोचल्या, ते रघुनाथराव पेशवे १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर येथे राहावयास आले. तहाने त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक दिली आणि राजकारण काढून घेतले. पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १७८३ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते कोपरगावीच वारले. रोंदाच्या पुलाचे काम तेव्हा चालू होते. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला 'ध चा मा' हा वाक्प्रचार ठाऊक असतो; पण ज्या आनंदीबाईंच्या नावावर तो आख्यायिकेने चिकटवला, त्या याच गावात, याच नदीकडे पाहत दिवस काढीत होत्या, हे सांगितले की मुले चकित होतात. इंग्रजी अमलात या वाड्यात सरकारी कचेऱ्या भरत. ज्या घराने शनिवारवाड्याची गादी मिळवण्यासाठी एवढा अट्टाहास केला, त्याच्या दिवाणखान्यात शेतसाऱ्याच्या पावत्या फाटू लागल्या!

राघोबादादांनी कोपरगावपासून तीन मैलांवर हिंगणी येथेही दांडग्या भिंतींचा वाडा बांधला. नदीच्या बेटावरचा त्यांचा तिसरा वाडा मात्र पुढे पाडला गेला आणि त्याचे लाकूड विकले गेले. सत्ता गेलेल्या माणसाला बांधकामाची एवढी हौस का असावी, हा प्रश्न मी मुलांपुढे टाकला. एक मुलगा म्हणाला, "सर, वेळ जात नसंल." इतिहासाच्या पुस्तकात असे उत्तर सापडणार नाही, पण मला ते पटले.

या गावाची आणखी एक आठवण आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. १८०४ साली पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना कोपरगावी आणवून दग्याने पकडले आणि त्यांतील पुष्कळांना दोन विहिरींत टाकून ठार केले. गॅझेटिअरने ही हकीकत थोडक्यात नोंदली आहे. गावात कोठेही तिची पाटी नाही. भिल्ल समाजाच्या वस्त्या आजही आमच्या नदीकाठाला आहेत आणि त्या वस्त्यांतली मुले माझ्या वर्गात बसतात. वाड्यापाशी उभे राहून अटकेपारच्या गोष्टी सांगायच्या आणि या दोन विहिरी वगळायच्या, हे मला तरी जमत नाही. आमच्या सौ.नी त्या दिवशी विचारले, "अहो, मुलांना सणासुदीच्या तोंडावर हे कशाला सांगता?" मी म्हणालो, "सण झाल्यावर सांगेन." आणि सांगितले.

लहान पुलावरून पलीकडे गेले की बेट. नाव बेट असले तरी आता ती चांगली नांदती वस्ती आहे. येथे दैत्यगुरू शुक्राचार्यांचे मंदिर आहे. जवळच कचेश्वर आहे. जनार्दनस्वामींची समाधीही बेटातच, आणि तेथे भक्तांची सतत वर्दळ असते. बृहस्पतीचा मुलगा कच शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला आला आणि गुरुकन्या देवयानी त्याच्यावर भाळली, ती कथा याच भूमीवर घडली अशी इकडची श्रद्धा आहे. मराठी शिकवणाऱ्याला या जागी पाय रेंगाळल्याशिवाय कसे राहतील? खाडिलकरांचे 'विद्याहरण' नाटक १९१३ सालचे, खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' १९६६ चे. या एका घराण्याच्या कथेने मराठी रंगभूमीला आणि कादंबरीला केवढे खाद्य पुरवले! दैत्यांनी कचाची राख मद्यात कालवून गुरूला पाजली, आणि सत्य कळल्यावर शुक्राचार्यांनी मद्यालाच शाप दिला, असे महाभारत सांगते. आज या शुक्राचार्यांच्या तालुक्यात साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क काढतात. त्यातला पुष्कळसा आता मोटारींच्या टाकीत जातो म्हणतात, तेव्हा शापाला थोडी पळवाट मिळाली म्हणावयाची.

वाडा, पूल, बेट आणि परत. ही वाट लहान मुलांनाही झेपेल. मात्र नदीत उतरू नये. वाळू उपसल्याने पात्रात जागोजाग डोह झाले आहेत आणि पाणवेलींच्या हिरव्या गालिच्याखाली ते दिसत नाहीत.

माझी आवडती वाट मात्र पाटाची. पाट म्हणजे गोदावरीचा डावा कालवा. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीला बंधारा घालून तिचे पाणी दोन्ही तीरांवर कालव्यांनी वळवले, आणि त्या पाण्याला वर्षभराचा आधार म्हणून दारणा धरण बांधले. हे सगळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले काम. दारणा १९१६ साली पुरे झाले. त्यापूर्वी हा तालुका दुष्काळी होता. पाट आला, पाठोपाठ ऊस आला, आणि उसाच्या मागोमाग कारखाने आले. सोमय्यांचा साकरवाडीचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीचा, आणि पुढच्या काळातले दोन मोठे सहकारी कारखाने. त्यांतल्या एकाचे नाव कित्येक वर्षे 'संजीवनी' होते, हे वाचकांना आता वेगळे समजावून सांगायला नको.

कालव्याच्या भरावावरून देखरेखीचा कच्चा रस्ता जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली शेते. चढ नाही, उतार नाही, चुकण्याची भीती नाही. पाण्याच्या दिशेने गेले की जाणे आणि पाण्याच्या विरुद्ध आले की येणे. हिवाळ्यात सकाळी सातला निघावे. आवर्तन चालू असेल तर पाण्यावरून वाफ उठत असते. काठच्या बाभळींवर सुगरणींची रिकामी घरटी लोंबत असतात, तारेवर खंड्या बसलेला असतो, आणि थंडीचा पाहुणा धोबी पक्षी शेपूट हलवीत पुढे पुढे पळत असतो. टिटवी मात्र आपण आल्याची वर्दी सगळ्या शिवाराला देऊन टाकते. ज्यांना पक्ष्यांचा अधिक नाद असेल त्यांनी या पाण्याच्या मुळाशीच जावे. नांदूर मधमेश्वरचे अभयारण्य २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, आणि हा मान महाराष्ट्रात त्यालाच प्रथम मिळाला.

या वाटेवर पक्ष्यांइतकेच शब्दही भेटतात. पाटाचे पाणी शेतापर्यंत नेते ती चारी. पिकाला पाणी देणे म्हणजे भरणे. वाफ्याचे तोंड फोडून पाणी आत घ्यायचे, वाफा भरला की ते मातीने बंद करून पुढचे उघडायचे, याला म्हणतात दारे धरणे. "काल रात्री दारं धरत होतो सर," असे सांगून पहिल्या तासाला डुलक्या घेणारा विद्यार्थी मी कधी वर्गाबाहेर काढीत नाही. रात्रीच्या थंडीत, गुडघाभर गारव्यात, हातात फावडे घेऊन त्याने जे केले त्याला भाषेत एवढा सुंदर शब्द आहे, हे त्याला सांगितले की तो लाजतो. पाण्याची मागणी करायची ती सात नंबरच्या अर्जावर. पाणी सोडायचे ते आवर्तनाने. आणि चारीच्या अगदी शेवटी ज्याची जमीन तो 'टेलचा' शेतकरी. हा इंग्रजी शब्द आमच्याकडे इतका मुरला आहे की, घरात शेवटी जेवायला बसणाऱ्या सुनेलाही गमतीने टेलची म्हणतात.

पाटाच्या पुलावर एकदा एका निवृत्त पाटकऱ्यांची गाठ पडली. पाटकरी म्हणजे पाणी सोडणारा, अडवणारा, आणि म्हणून एके काळी गावात पाटलापेक्षाही जपला जाणारा माणूस. म्हातारबोवा कठड्यावर बसले होते. मी विचारले, "बाबा, पाणी कुठवर जाईल यंदा?" ते म्हणाले, "पाणी जातं तिथवर जातं. आता कागद त्याच्या पुढं पळतो." त्यांच्या म्हणण्यातली खोच येथल्या माणसाला लगेच कळते. कालव्यांच्या जन्मकाळी हे पाणी शेतीसाठी म्हणून आणले. पुढे गावे वाढली, कारखाने वाढले. कोपरगाव शहराला पिण्याचे पाणी याच कालव्यातून येसगावजवळच्या साठवण तलावांत भरून घ्यावे लागते, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येणार ही चर्चा आमच्या घराघरांत चालते. गोदावरीच्या खालच्या अंगाला १९७६ पासून पैठणचे जायकवाडी धरण आहे. मराठवाड्याची तहान त्यावर अवलंबून असल्याने २००५ च्या कायद्यानंतर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्यावरून दर टंचाईच्या वर्षी नाशिक-नगर एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे असा वाद पेटतो. रोंदाच्या वाटेवरचा प्रवासी ओढा पाहून म्हणत असेल, किती सुंदर पाणी! आमच्या पाटाच्या कडेने चालणाऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, हे पाणी कोणाचे?

एक सूचना येथेच देऊन ठेवतो, कारण ती जिवाची आहे. नगर, नाशिक, पुणे या जिल्ह्यांतल्या उसात आता बिबटे राहतात, त्यांची पिल्लेही उसातच जन्मतात. तेव्हा पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधारात उसाच्या कडेने जाऊ नये, मुलांना पुढे पळू देऊ नये, एकट्याने हिंडू नये आणि आवाज करीत, बोलत चालावे. शेवटचा नियम आमच्या घरच्या मंडळींनी तंतोतंत पाळला.

कोकमठाणला जायचे ते महादेवाच्या जुन्या मंदिरासाठी. कोपरगावपासून तीन मैल, म्हणजे रमतगमत सव्वा-दीड तास. हे मंदिर यादवकालीन धाटणीचे असून केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेले आहे. आमच्याकडे असल्या कोणत्याही जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात आहे. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकात महादेवराव व रामचंद्रराव या यादव राजांचा मंत्री. त्याच्या नावावर एवढी देवळे जमा आहेत की ती सगळी त्याने बांधली असती तर राज्यकारभाराला वेळच उरला नसता. मंडपात शिरल्यावर आधी डोळे अंधाराला सरावू द्यावेत, मग मान वर करून छत पाहावे. घाई करू नये. देऊळ पाहून लगेच निघायचे नसते, थोडे टेकायचे असते, ही आपली जुनी रीत आहे आणि पायी आलेल्यालाच तिचा अर्थ कळतो.

याच प्रकारचे दुसरे देऊळ पश्चिमेला कुंभारी येथे, राघवेश्वराचे. तेही नदीकाठी. तेथवर सगळेच चालत जाणे कुटुंबाला जड जाईल. रिक्षाने जावे आणि तेथून नदीच्या कडेने फिरावे. पुणतांब्याला मात्र आगगाडीने जावे. ही लोहमार्गाची वाट १८७८ सालची. मध्ये एकच कान्हेगाव स्टेशन. पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे आणि अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे. चौदाशे वर्षे जगलेला योगी आणि त्याला कोऱ्या पत्राचे उत्तर धाडणारी बाल भावंडे, ही कथा घाटावर बसून मुलांना सांगावी. तेथेच ती खरी वाटते. याच पुणतांब्यातून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि महाराष्ट्रभर पसरला, हेही मोठ्या मुलांना सांगावे. ज्यांना चढण्याची हौसच आहे त्यांनी त्याच मार्गावर उलट दिशेला अंकाई स्टेशनाशी उतरावे. अंकाई-टंकाईची जोडी, टंकाईची जैन लेणी, अंकाईच्या माथ्यावरचे अगस्तींचे स्थान, सारे एका दिवसात होते. पण ती वाट सोपी या सदरात बसत नाही.

आता पुन्हा त्या रंगाच्या पट्ट्यांकडे येतो. स्पेनमध्ये या वाटा टिकल्या त्याचे एक कारण फार जुने आहे. तेथे मेंढपाळ हजारो मेंढ्या घेऊन हिवाळ्यात दक्षिणेला आणि उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत जात. १२७३ साली त्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली. मेंढ्यांच्या मोठ्या मार्गाची रुंदी पंचाहत्तर मीटर ठरलेली. मेंढ्या कमी झाल्या, पण १९९५ च्या कायद्याने हे मार्ग सार्वजनिक मालकीचे म्हणून राखले आणि त्यांवरून पायी हिंडण्यास मुभा ठेवली. हे वाचले तेव्हा मला आमचे धनगर आठवले. दिवाळी सरली की नगर जिल्ह्यातून मेंढ्यांचे कळप पश्चिमेला निघतात. घोड्यांवर बिऱ्हाड, टोपलीत कोंबड्या, मागे कुत्री. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला सांगतात, कारण लेंडीखताने जमीन धरते. त्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. या कळपांना कोणाची सनद नाही. पूर्वी ते गाडीवाटांनी जात. आता त्यांना डांबरी रस्त्याच्या कडेने, मालमोटारींच्या भोंग्यांत जावे लागते.

आणि तरीही आमच्या वाटांची नोंद नाही, असे मुळीच नाही. प्रत्येक गावाचा नकाशा भूमी अभिलेख कचेरीत असतो. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते. वहिवाटीच्या हक्कांची नोंद ठेवण्यासाठी 'वाजिब-उल-अर्ज' नावाचे दप्तर असते. हे भारदस्त नाव ऐकून माझे विद्यार्थी ते गझलेचे पुस्तक समजले होते. १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याने वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत बांधावरून शेतात जाण्याच्या हक्काची तरतूद आहे. मराठी माणसाला तर वाटा लिहून ठेवण्याची परंपराच आहे. महानुभावांच्या 'स्थानपोथी'ने चक्रधरस्वामी कोठे बसले, कोणत्या देवळाचे दार कोणत्या दिशेला, हे गोदावरीच्या दोन्ही तीरांवरच्या गावोगाव फिरून टिपून ठेवले आहे. मी तिला मराठीतली पहिली वाटाड्याची पोथी म्हणतो. आम्ही कमी पडतो ते लिहिण्यात नाही.

कोठे कमी पडतो ते एका वाटेने दाखवले. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. एका वस्तीवरून शाळेकडे जाणारी पाऊलवाट नकाशावर स्पष्ट आहे. चारीच्या कडेने जावे, दोन बांध ओलांडावेत, की शाळा. आम्ही नकाशाची नक्कल घेऊन गेलो, तर मध्येच तारेचे कुंपण आणि पलीकडे उभा ऊस. वस्तीवरची मुले आता भरधाव रस्त्याच्या कडेने दुप्पट अंतर चालून शाळा गाठतात. दोघींनी शाळा सोडल्याचे कळले. माझ्याबरोबरची तरुण मंडळी तापली. तेवढ्यात शेताचे मालक आले. साठीचे गृहस्थ, अंगात बंडी. त्यांनी आम्हांला झाडाखाली बसवले, पाणी दिले आणि शांतपणे म्हणाले, "सर, आजाच्या टायमाला पाटाला गेली. बापाच्या टायमाला चारीला गेली. माझ्या टायमाला मोठ्या रस्त्याला गेली. आता जी उरली त्यातली वाटेला पण मीच द्यायची का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, संपूर्ण सातशे एक किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी. नागपूरहून मुंबईला जाणाऱ्यांचे कित्येक तास वाचले, हे खरेच आहे. या गृहस्थांच्या दीड एकरातून शाळेच्या मुलांचा अर्धा तास वाचवायचा तर दोन फूट रुंदीची पट्टी लागत होती, आणि तिचा मोबदला देण्याची तरतूद कोणत्याच कागदात नव्हती, कारण कायद्याने ती वाट मुळी त्यांची नव्हतीच. दोन्ही बाजू खऱ्या असल्या म्हणजे माणूस मोठ्या पेचात सापडतो.

वस्तीवरच्या आयांनी तहसील कचेरीत अर्ज केला आहे. आम्ही तो लिहून देण्याचे काम केले, शुद्धलेखन तपासले. सुनावण्या चालू आहेत. मधल्या काळात एक गोष्ट झाली. गेल्या हिवाळ्यात उसाला तोड आली, शेत मोकळे झाले. त्या गृहस्थांनी कोणाला न सांगता कोपऱ्यावरचा एक खांब हातभर सरकवला. कुंपणात माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट झाली. दप्तर आधी पलीकडे टाकायचे आणि मग आपण जायचे, हे मुलांनी लगेच शोधून काढले. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "ऊस उभा असताना नाही जमायचं, वाघरू असतं आत. तोडीनंतर चार महिने जाऊ देतो. कागदावर मात्र काही लिहू नका."

म्हणून त्या गावाचे नाव येथे लिहिलेले नाही. शाळा सोडलेल्या दोघींपैकी धाकटी पुन्हा वर्गात बसते. थोरली घरीच आहे. सुनावणीची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि त्या शेतातला ऊस यंदा तोडीला कधी येणार हे कारखान्याच्या पाळीपत्रकावर अवलंबून आहे.